पहिला माइक कंडेन्सर नको, डायनॅमिकच घ्या (बजेट १५ हजार)

सहावी_तार:
गिटार वाजवत गाणाऱ्या कोणीही "घरी रेकॉर्ड करायचंय, काय घेऊ?" असं विचारलं की उत्तर ठरलेलं: मोठ्या डायफ्रामचा (आवाज झेलणाऱ्या पडद्याचा) कंडेन्सर घे, म्हणजे विजेवर चालणारा संवेदनशील माइक. माझं मत उलटं आहे. दहा बाय बाराची खोली, उघडी फरशी, खाली रिक्षा, शेजारी कुकर. अशा घरात पहिला माइक डायनॅमिकच असावा, म्हणजे वीज न लागणारा, स्टेजवरचा दणकट माइक. शुअरचा एसएम५७ १९६५ पासून बाजारात आहे, एसएम५८ त्यानंतर वर्षभराने आला. आपटला तरी चालतो, कोकणातल्या दमट हवेचंही फारसं काही वाटत नाही. (नकली माल उदंड आहे, बिलाशिवाय घेऊ नका.) दोघांत ५७ घ्या, त्यावर फोमची टोपी चढवा, गिटार आणि आवाज दोन्ही निभावतो. सोबत इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारी पेटी) आणि कान पूर्ण झाकणारे हेडफोन. उरलेल्या पैशांत नव्या तारा.

खर्जातला:
तारांबद्दल सहमत. बाकी नाही.

डायनॅमिक माइक खोलीचा आवाज घेत नाही, हा समज तुमच्या सगळ्या म्हणण्याच्या मुळाशी आहे. माइकला काय कळतंय कुकर कोणता आणि गायक कोणता? दोन्ही कार्डिऑइड (मुख्यतः समोरचंच ऐकणारे) माइक सारख्याच अंतरावर ठेवा, पातळी जुळवा, शिट्टी साधारण तेवढीच ऐकू येईल. स्टेजवर ५८ स्वच्छ वाटतो कारण गायक त्याला ओठ टेकवून गातो. अंतर निम्मं केलं की थेट आवाज सुमारे ६ डेसिबलने वाढतो, खोलीचा आहे तेवढाच राहतो. करामत अंतराची आहे, माइकच्या जातीची नाही.

आणि गिटारला तेवढं जवळ जाताच येत नाही. भोकासमोर माइक धरलात की नुसता घुमतो, कारण पोकळीतल्या हवेचा स्वतःचा सूर साधारण १०० हर्ट्झच्या आसपास असतो आणि तो तिथूनच बाहेर पडतो. म्हणून बाराव्या फ्रेटसमोर (गिटारच्या मानेवरच्या बाराव्या पट्टीसमोर), वीत-दीड वीत मागे. आता तिथून बोटांनी हळू छेडलेली गिटार पकडायची. एसएम५७ ची संवेदनशीलता (ठरावीक आवाजाला माइक किती सिग्नल देतो ते) पास्कलला १.६ मिलिव्होल्ट, ऑडिओ-टेक्निकाच्या एटी२०२० ची १४ च्या आसपास. फरक झाला जवळपास १९ डेसिबल. तो तुम्ही स्वस्त इंटरफेसचा गेन (सिग्नल वाढवणारी खुंटी) पिळून भरून काढणार आणि मागे "स्स्स" येणार. वरच्या तारांची चमक जाते ती वेगळीच.

चाळकरी:
गणित बरोबर आहे, पण माणसं माइक सारख्या अंतरावर ठेवतात कुठे? कंडेन्सरवाला तो हातभर लांब टांगतो, कारण व्हिडिओत तसंच दिसतं. ५७ वाला जवळ सरकतो, कारण लांबून काही येतच नाही. नवख्याला चांगली सवय लावणारा माइक म्हणून मी सहावी_तार यांच्या बाजूने.

शिवाय तुम्ही दोघं माइकवर भांडताय आणि खोलीबद्दल एकही जण बोलत नाही. कार्डिऑइडची पाठ बहिरी असते. त्याला ऐकू येते ती गाणाऱ्याच्या मागची भिंत. तरीही लोक माइकच्या मागे फोमचे तुकडे चिकटवतात! गोधडी किंवा गादी उभी करायची ती स्वतःच्या पाठीमागे. अंड्यांच्या ट्रेंनी काही होत नाही, झुरळं मात्र येतात.

गुणगुण:
माझा प्रश्न कोणी घेतच नाहीये. मला वाजवता-वाजवताच गायचं असतं. क्लिकवर (कानात टिकटिकणाऱ्या ठेक्यावर) आधी गिटार, मग वरून आवाज, हे मी करून पाहिलं. भावगीत त्यात मरतं. ओळीच्या शेवटी मी किंचित रेंगाळते आणि गिटार माझ्यासाठी थांबते. क्लिक कुठला थांबायला? मग एक माइक की दोन?

सहावी_तार:
ताई, दोन ५७. एक तोंडाजवळ, एक गिटारकडे.

खर्जातला:
दोन माइक म्हणजे प्रत्येकात दुसऱ्याची गळती, आणि जुळणी चुकली की आवाज पोकळ होतो. गुणगुण, तुम्ही एकच कंडेन्सर घ्या. छातीच्या उंचीवर, फूट-दीड फूट पुढे. आवाज दबला तर माइक थोडा वर, गिटार दबली तर खाली. मिक्सिंग तिथेच झालं.

सहावी_तार:
आणि एक ओळ बेसूर गेली तर? नंतर नुसता आवाज उचलून दुरुस्त करता येणार नाही.

गुणगुण:
मग गाणं पुन्हा म्हणेन. रेडिओवर काय करायचे?

एक_कान:
भांडण चालू द्या, पण दोन माइक लावण्याचा विचार असणाऱ्यांनी खरेदीआधी हे वाचा. स्कार्लेट सोलो आणि बेहरिंगर यूएमसी२२ या इंटरफेसवर भोकं दोन दिसतात, माइक मात्र एकच लागतो. दुसरं गिटारच्या केबलसाठी. दोन माइक हवेत तर स्कार्लेट २आय२ किंवा तिच्यापेक्षा स्वस्त यूएमसी२०२एचडी. हजार-बाराशेला स्टँडसकट मिळणारे "कंडेन्सर" किट यात धरू नका. त्यातले बरेच माइक मोबाइलच्या पिनवर चालतात.

गिटारमध्ये पिकअप (तिचा आवाज थेट केबलमध्ये देणारा सेन्सर) असेल तर एकाच माइकच्या इंटरफेसवरही भागतं: माइक आवाजाला, केबल गिटारला, गळतीचा प्रश्नच नाही. पण पिझो जातीच्या पिकअपचा तो प्लास्टिकी आवाज मला पाच मिनिटंही सहन होत नाही. रेकॉर्डिंगमध्ये गुंई येत असेल तर आधी लॅपटॉपचा चार्जर काढून बघा. निम्म्या वेळा अर्थिंगचाच घोळ असतो.

चाळकरी:
पिकअपची शिफारस करणाऱ्याला बंदी घाला.

गुणगुण:
ठरलं, एटी२०२० आणि २०२एचडी. १५ च्या वर गेलं तर स्टँड जुना चालेल. घरात मोठ्या भावाचा एक ५८ पडून आहे, तो दुसऱ्या भोकात लावेन. पण कंडेन्सरला वीज देणारं ४८ व्होल्टचं बटण दोन्हींना मिळून एकच आहे ना? ५८ जळायचा नाही ना?

खर्जातला:
नाही. एक्सएलआर (तीन पिनांची माइकची) केबल धड असली की डायनॅमिकला ४८ व्होल्टने काही होत नाही. फक्त माइक लावताना-काढताना बटण बंद ठेवा आणि हेडफोनचा आवाज कमी करा.

सहावी_तार:
बघा, शेवटी डायनॅमिक आलाच घरात.