आरडीएसवरील (ॲमेझॉनची क्लाउड डेटाबेस सेवा) पोस्टग्रेस डेटाबेससाठी प्रत्येकाला वेगळे लॉगिन द्यायचे आहे, सल्ला हवा

प्रश्न
नमस्कार. शिरोली एमआयडीसीतील एका फाउंड्रीचा डेटाबेस मी सांभाळतो. आम्ही सहा जण, आणि शिवाय वजनकाट्याचा प्रोग्रॅम, सगळे एकाच मास्टर युजरने (सर्वाधिक हक्क असलेल्या मुख्य खात्याने) आत जातो. त्याचा पासवर्ड हिशेबनिसांच्या मॉनिटरवर चिठ्ठी करून चिकटवलेला आहे. गेल्या महिन्यात एक सहकारी नोकरी सोडून गेले म्हणून पासवर्ड बदलला, तर रात्रपाळीत वजनकाट्याच्या नोंदीच थांबल्या आणि जुना पासवर्ड परत ठेवावा लागला. सुरुवात कोठून करावी?

उत्तर १
सुरुवात वजनकाट्यापासूनच करा. त्याला स्वतःचा युजर द्या, फक्त नोंदीच्या टेबलात भर घालण्याचा हक्क द्या, आणि मगच मास्टरचा पासवर्ड बदला. माणसांना थेट हक्क देऊ नका. 'वाचन' आणि 'नोंद' असे दोन रोल (हक्कांचे गट) करून हक्क त्यांना द्या व माणसांना त्या रोलमध्ये घाला. येथे हमखास चूक होते ती अशी, की ग्रँट केलेला हक्क त्या क्षणी असलेल्या टेबलांनाच लागतो, त्यामुळे पुढे नवे टेबल तयार झाले की हिशेबनिसांचा अहवाल अडतो आणि घाईत कोणीतरी त्यांना मास्टरचा पासवर्ड देऊन मोकळे होते. ज्या युजरने टेबले तयार होतात, त्याच्यासाठी 'ऑल्टर डिफॉल्ट प्रिव्हिलेजेस' ही आज्ञा आधीच चालवून ठेवा, म्हणजे नव्या टेबलांनाही हक्क आपोआप लागतील.

उत्तर २
माणसांसाठी आयएएम (ॲमेझॉनची ओळख व परवानगी सांभाळणारी सेवा) लॉगिन वापरावे, असे माझे आग्रहाचे मत आहे. त्यात पासवर्डऐवजी १५ मिनिटे चालणारे टोकन मिळते, त्यामुळे चिठ्ठी चिकटवण्याजोगे काही उरतच नाही. युजरला 'आरडीएस_आयएएम' रोल दिला की त्याचा पासवर्ड चालत नाही, म्हणून तो रोल मास्टरला मुळीच देऊ नका. सिक्युरिटी ग्रुपमध्ये (कोठून जोडणी येऊ द्यायची याच्या नियमांत) पोस्टग्रेसचे ५४३२ पोर्ट साऱ्या जगाला उघडे आहे का, हेही आजच पाहा.

प्रश्नकर्ता
मनःपूर्वक आभार. पोर्ट खरोखरच उघडे होते. आता फक्त कारखान्याच्या आयपीला परवानगी ठेवली आहे. टोकनची मुदत संपल्यावर चालू असलेले काम तुटते का?

उत्तर २
तुटत नाही, टोकन केवळ जोडणीच्या वेळी तपासले जाते. म्हणूनच कोणी नोकरी सोडल्यावर त्यांचे लॉगिन बंद करून भागत नाही, त्यांची चालू सेशन्सही (आधीच उघडलेल्या जोडण्या) 'पीजी_टर्मिनेट_बॅकएंड' या पोस्टग्रेसच्या फंक्शनने तोडावी लागतात.