पहिली कादंबरी प्रकाशकाकडे पाठवायची आहे, पण पात्रं सगळी एकाच तोंडाने बोलतात असं वाचणाऱ्यांचं म्हणणं आहे

येरळाकाठ (तासगाव)

नमस्कार मंडळी. बेदाणा शेडवर काम करणाऱ्या बायकांवर कादंबरी लिहून झाली आहे, साधारण ६२ हजार शब्द. पट्टा तासगाव-कवठेमहांकाळचा, काळ फेब्रुवारी ते एप्रिल, एकच हंगाम. पहिलंच पुस्तक आहे.

दोघातिघांना वाचायला दिली. विषय आवडला, पण मुकादम, शेडमालक, सासू, कॉलेजला जाणारी मुलगी सगळे सारखेच बोलतात, असं तिघांनीही सांगितलं. आधी ही दुरुस्ती करू, की प्रकाशकांकडे पाठवून त्यांच्या संपादकाचं मत घेऊ? पाठवायची कुणाकडे आणि कशी? एका ठिकाणाहून 'लेखक सहभाग' म्हणून पैसे मागितले आहेत, ते द्यावेत का? बोलीभाषा किती ठेवावी, हेही सांगा.

---

माणदेशी वाचक

आधी दुरुस्ती करा, मगच पाठवा. प्रकाशनसंस्थेत हस्तलिखित वाचणारा माणूस पहिल्या वीस-पंचवीस पानांत पुढे वाचायचं की नाही ते ठरवतो. एकदा नकार आला की तेच हस्तलिखित त्याच दारात पुन्हा नेणं अवघड असतं.

पात्रं सारखी बोलतात, कारण ती सारखंच पाहतात. एकाच शेडवर मालकाची नजर ढगाकडे असते, मुकादमाची टोळीत आज किती माणसं कमी आली त्याकडे, आणि जाळीवर घड पसरणाऱ्या बाईची आपल्या चिरलेल्या बोटांकडे. ज्याचं जे काम, त्यातूनच त्याचं बोलणं येतं. म्हणून संवादाला हात लावण्याआधी कामाचा बारकावा पक्का करा.

बेदाण्याचंच घ्या. घड डिपिंगच्या द्रावणात बुडवतात. लिटरभर पाण्याला २५ ग्रॅम पोटॅशियम कार्बोनेट आणि १५ मिली डिपिंग ऑइल हे नेहमीचं प्रमाण. त्यामुळे मण्यावरचा मेणाचा थर सैल होतो आणि आतलं पाणी लवकर निघून जातं. मग सावलीत जाळीच्या थरांवर १२ ते १५ दिवस वाळवण. साधारण चार किलो द्राक्षांचा एक किलो बेदाणा होतो. शेवटच्या टप्प्यात पाऊस किंवा दमट हवा आली की माल काळवंडतो आणि सौद्यात, म्हणजे बेदाण्याच्या लिलावात, भाव पडतो. द्रावण अल्कधर्मी असल्याने हातमोज्यांशिवाय काम केलं की कातडी कोरडी पडते, चिरते. त्यात द्राक्षाचा रस लागला की झोंबतो.

आता बघा, एवढ्या माहितीत तुमच्या कादंबरीतली भांडणं आयती पडली आहेत. एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात संध्याकाळी आभाळ भरून आलं, तर ताडपत्र्या ओढायला कोण पळतं? रोजानं आलेली बाई पाचला घरी निघते. उक्त्यानं, म्हणजे ठोक रकमेत, काम घेतलेली टोळी थांबते, कारण माल भिजला तर काम लांबतं आणि पुढच्या शेडवरचं ठरलेलं काम बुडतं. 'मोजे आणा' म्हणायला मुकादमाला तोंड आहे का, की त्याने उचल घेतली आहे? ह्या प्रश्नांची उत्तरं तुमच्याकडे असतील तर मुकादम आणि मालक एकसारखं बोलूच शकणार नाहीत.

एक उपाय हमखास उपयोगी पडतो. प्रत्येक मुख्य पात्राचा एक आठवडा पैशांत लिहून काढा. हजेरी किती, खाडे किती, बचत गटाचा हप्ता कोणत्या वारी, किराणा उधारीवर की रोख, पोरीच्या एसटी पासाचे पैसे कोण देतं, नवऱ्याच्या हातात किती जातात आणि डब्यात लपवून किती राहतात. हे कादंबरीत छापायचं नाही, वहीत ठेवायचं. पण ते माहीत असलं की "माझ्यावर कर्ज आहे आणि मला मुलीच्या शिक्षणाची काळजी वाटते" असलं वाक्य हातून उतरणारच नाही. तिथे असं काहीतरी येईल:

"आत्या, सोमवारी गटाचा हप्ता हाय. शेडवालं बुधवारी पैसं देतो म्हणत्यात. मग फीचं सरास्नी काय सांगू मी?"

ह्यात काळजी हा शब्द कुठेच नाही. दोन वार आणि एक प्रश्न, बस.

दुसरी वही हाकेची करा. तुमची नायिका सासूला आत्या म्हणते की आई, नणंदेला वन्सं म्हणते का, नवऱ्याचा उल्लेख दुसऱ्यापाशी कसा करते, मुकादमाला दादा की नुसतं नाव, आणि भांडण झाल्यावर तीच हाक कशी बदलते? शेडवर 'मालक' म्हणणारी बाई भावकीच्या लग्नात त्याच माणसाला 'भावजी' म्हणत असेल, तर एकाच हाकेत सगळं नातं उघडं होतं.

---

मुद्रितशोधन, सांगली

वरच्या प्रतिसादाशी पूर्ण सहमत. बोलीबद्दल थोडं तपशिलात लिहितो, कारण चांगली पुस्तकं इथेच बिघडतात.

निवेदन प्रमाणभाषेत आणि संवाद बोलीत, ही सोपी वाट आहे आणि पहिल्या पुस्तकाला तीच बरी. पण बोली म्हणजे सगळ्यांच्या तोंडी सरसकट 'लई', 'न्हाय', 'व्हय' घालणं नव्हे. असं केलं की सगळी पात्रं पुन्हा एकसारखीच होतात. कॉलेजला जाणारी मुलगी आईशी बोलीत बोलेल, सरांशी प्रमाणभाषेच्या जवळ जाईल, मैत्रिणीशी दोन्हीची सरमिसळ करेल. सौद्याला रोज जाणाऱ्या मालकाच्या बोलण्यात 'रेट', 'पेमेंट', 'स्टोरेज' सहज येतं. सासूच्या बोलण्यात ते येणार नाही.

पट्टाही सांभाळा. जत तालुक्याच्या कर्नाटककडच्या गावांत कानडीची सरमिसळ आहे. मिरज-शिरोळकडच्या कित्येक बायका स्वतःविषयी 'मी जातो', 'मी आलो' असं सहज बोलतात. तुमच्या टोळीत तिकडची बाई असेल तर तिच्या तोंडी तेच शोभेल. पण हे हस्तलिखितासोबत कळवलं नाही, तर मुद्रितशोधक चूक समजून 'जाते', 'आले' करून ठेवेल. त्यात त्याचा दोष नाही, त्याचं कामच ते आहे.

म्हणून हस्तलिखिताला दोन पानांची बोलीची यादी जोडा. त्यात पात्राचं नाव, त्याची ठरलेली रूपं आणि 'हे मुद्दाम आहे, बदलू नये' अशी नोंद असू द्या. एका पात्राच्या तोंडी 'न्हाई', 'न्हाय' आणि 'नाय' अशी तिन्ही रूपं फिरत असतील तर एक ठरवा आणि शोधून सगळीकडे तेच करा. ही सुसंगती नसली की लेखकाला बोली येत नाही, असं वाचणाऱ्याला वाटतं.

बोली तपासायची तर मोठ्याने वाचून तपासा. कोणताही एक संवाद घ्या, 'ती म्हणाली', 'तो म्हणाला' सगळं झाकून टाका आणि दुसऱ्याला वाचून दाखवा. कोण बोलतंय हे त्याला ओळखता आलं पाहिजे.

मजकूर युनिकोडमध्येच ठेवा. प्रकाशकाचा अक्षरजुळणीकार पुष्कळदा श्रीलिपीसारख्या जुन्या पद्धतीत नेऊन पानं लावतो आणि त्या रूपांतरात 'ऱ्य', 'ऱ्ह', 'ॲ' हमखास तुटतात. 'दऱ्या', 'वाऱ्यावर', 'कुऱ्हाड', 'ॲडव्हान्स' हे शब्द पहिल्या प्रुफात, म्हणजे तपासायला येणाऱ्या पानांत, मुद्दाम शोधा. अवतरणचिन्हंही उलटी पडतात, आणि तुमच्या पुस्तकात संवाद भरपूर असणार.

---

ग्रंथवेडा, सातारा

आता पाठवायचं कुणाकडे ते. सांगलीच्या किंवा साताऱ्याच्या नगर वाचनालयात जा आणि गेल्या पाच-सहा वर्षांत आलेल्या ग्रामीण कादंबऱ्या काढून त्यांची श्रेयपानं (प्रकाशकाचं नाव असलेली सुरुवातीची पानं) बघा. तुमच्यासारखा विषय कोण छापतं, नव्या लेखकाला कोण घेतं, ते तिथे कळतं. पुण्यात राजहंस, मेहता. मुंबईत मौज, पॉप्युलर, लोकवाङ्मय गृह. छत्रपती संभाजीनगरला साकेत ही परिचित नावं आहेत. प्रत्येकाची आवड वेगळी, म्हणून एकच पत्र सगळ्यांना धाडू नका.

सोबत एक पानाचं पत्र द्या: विषय, शब्दसंख्या, हे त्याच प्रकाशकाकडे का पाठवताय, आणि तुमचा त्या जगाशी संबंध काय. मग पाचसातशे शब्दांचा कथासार. त्यात शेवट सांगून टाका, कारण शेवट झाकलेला सार संपादकाच्या उपयोगाचा नसतो. त्यानंतर पहिली तीन प्रकरणं. मधलं रंगलेलं प्रकरण काढून पाठवण्याचा मोह होतो, तो टाळा. पूर्ण हस्तलिखित मागितलं तरच द्या. उत्तराला तीन ते सहा महिने लागतात. तीन महिन्यांनी एक नम्र आठवण करा. एकाच वेळी दोघांकडे दिलं असेल तर दोघांनाही तसं कळवा.

६२ हजार शब्द म्हणजे डेमी आकारात पानाला २९० शब्द धरले तर २१४ पानं. सुरुवातीची पानं मिळवून २२४, म्हणजे १६ पानी १४ फॉर्म (एकत्र छापून दुमडलेल्या १६ पानांचा एक फॉर्म). प्रकाशक खर्चाचा हिशेब फॉर्मवर करतो, त्यामुळे हा आकडा पत्रात असला तर लेखकाला व्यवहार कळतो हे त्याच्या लक्षात येतं.

पहिलंच पुस्तक आहे, म्हणून महाराष्ट्र राज्य साहित्य आणि संस्कृती मंडळाची नवलेखक अनुदान योजना जरूर बघा. आवाहन बहुधा जानेवारीत निघतं, नियम मंडळाच्या संकेतस्थळावर असतात. ह्या मंडळाचे पहिले अध्यक्ष तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी आपल्या वाईचेच. तज्ज्ञ हस्तलिखित वाचतात, त्यामुळे निर्णयाला वेळ लागतो. तोवर घाई करून दुसरीकडे छापून बसू नका, अनुदान जाईल.

---

कराडकर

पैसे मागणाऱ्यांबद्दल. स्वखर्चाने पुस्तक काढणं गैर नाही, पण मग त्याला तेच म्हणावं. पैसे तुमचे आणि हक्क त्यांचे, असा व्यवहार करू नका. 'सहभाग' घेणाऱ्याला पाच गोष्टी लेखी विचारा: किती प्रती छापणार, त्या प्रतींची मालकी कुणाची, वितरण कोणत्या दुकानांत, हिशेब कधी देणार, आणि न विकलेल्या प्रतींचं काय. 'शंभर प्रती तुम्हीच घ्या' हीसुद्धा पैसे मागण्याचीच रीत आहे. आयएसबीएनसाठी (पुस्तकाच्या ओळख-क्रमांकासाठी) वेगळे पैसे सांगितले तर तिथेच सावध व्हा. तो क्रमांक केंद्र सरकारची राजा राममोहन रॉय यांच्या नावाची संस्था विनाशुल्क देते आणि लेखक स्वतःही अर्ज करू शकतो.

रीतसर प्रकाशक मिळाला तरी करार वाचल्याशिवाय सही नको. मानधन छापील किमतीवर आहे की निव्वळ विक्रीवर, हे आधी बघा. किंमत ३०० रुपये, १० टक्के आणि हजार प्रती विकल्या तर छापील किमतीवर ३० हजार होतात. विक्रेत्याला ४० टक्के सूट धरून निव्वळ विक्रीवर काढलं तर १८ हजार. आकडा दहाच टक्के, पण १२ हजारांचा फरक.

प्रताधिकार कायदा १९५७ चं कलम १९ तुमच्या बाजूचं आहे. हक्काचं हस्तांतर लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता. घेतलेला हक्क वर्षभरात वापरला नाही तर, करारात वेगळं लिहिलं नसेल तर, हस्तांतर संपुष्टात येतं. म्हणूनच करारात 'कायमस्वरूपी', 'सर्व माध्यमांतील' असे शब्द घुसवलेले असतात. ते खोडायला सांगा. ऑडिओ, ई-पुस्तक, अनुवाद, चित्रपट हे हक्क वेगवेगळे लिहून घ्या. जे प्रकाशक वापरणार नाही ते तुमच्याकडेच ठेवा.

आणखी एक. तासगावातल्या कुणा खऱ्या शेडमालकावरून पात्र घेतलं असेल तर नुसतं नाव बदलून भागत नाही. गाव, भावकी, टोपणनाव, गाडी, त्याच्यावरची केस हे सगळं जुळत असेल तर वाचणारा ओळखतोच. अब्रुनुकसानी आता भारतीय न्याय संहितेच्या कलम ३५६ खाली येते. दोनतीन माणसांचे गुण एकत्र करा, गाव काल्पनिक ठेवा, तालुका खरा राहू द्या.

---

येरळाकाठ (तासगाव)

मनापासून आभार. पैशांची वही आजपासून सुरू करतो. एकच विचारायचं राहिलं. पावसाच्या रात्रीचं प्रकरण सुटं करून दिवाळी अंकाला दिलं तर चालेल का?

---

ग्रंथवेडा, सातारा

चालेल, फायदाच आहे. पण ते स्वतंत्र कथा म्हणून उभं राहिलं पाहिजे. मागची पाच प्रकरणं वाचल्याशिवाय कळत नसेल तर देऊ नका. मजकूर मे ते जुलैच्या दरम्यान पोचवा, ऑगस्टनंतर बऱ्याच अंकांची पानं भरत येतात. एका वेळी एकाच अंकाला द्या. सोबतच्या पत्रात 'एकदाच प्रसिद्ध करण्याची परवानगी, बाकी हक्क लेखकाकडे' असं स्पष्ट लिहा. नवलेखक योजनेला अर्ज करणार असाल तर आधी छापून आलेल्या भागाबद्दलचा नियम त्या वर्षीच्या आवाहनात बघून मगच अंकाला कळवा.