मदत हवी आहे : अमेरिकेतल्या विद्यापीठ ग्रंथालयांची डायव्हर्सिटी रेसिडेन्सी

नमस्कार मंडळी,

मे महिन्यात माझं इथलं एमएलआयएस (ग्रंथालयशास्त्राची पदव्युत्तर पदवी) पूर्ण होतंय. विद्यापीठ ग्रंथालयांच्या जाहिरातींत पहिल्याच ओळीत अनुभव मागतात, म्हणून रेसिडेन्सी (नवोदित ग्रंथपालांसाठीची ठरावीक मुदतीची नोकरी; 'डायव्हर्सिटी'वाली असेल तर अल्पप्रतिनिधित्व असलेल्या गटांतल्यांसाठी) बघतेय. २०१५ मध्ये चार विद्यापीठांनी सुरू केलेल्या डायव्हर्सिटी अलायन्सबद्दल (अशा रेसिडेन्सी देणाऱ्या ग्रंथालयांचा गट) वाचलंय.

खरी अडचण व्हिसाची. रेसिडेन्सी बहुतेक दोन-तीन वर्षांची, माझी ओपीटी (शिक्षणानंतर विद्यार्थी व्हिसावरच काम करायची परवानगी) १२ महिन्यांची. आमच्या पदवीचा कोड स्टेममध्ये (विज्ञान-तंत्रज्ञान-अभियांत्रिकी-गणित विषयांच्या यादीत) बसत नाही, त्यामुळे २४ महिन्यांची मुदतवाढही नाही. विद्यापीठांना एच-वन-बी या नोकरीच्या व्हिसाची वार्षिक मर्यादा लागू नसते हे ठाऊक आहे, पण मुदतीच्या पदासाठी ते अर्ज करतात का? हे पहिल्या मुलाखतीतच विचारावं की ऑफर आल्यावर?

आणखी एक. पुण्यात कॉलेजच्या ग्रंथालयात केलेली नोकरी रेझ्युमेत दाखवली तर 'नवोदित' या अटीतून बाद तर नाही ना होणार? (लपवायला जीव होत नाही, पुस्तकांच्या नोंदी वगैरे सगळं तिथेच शिकले.)

कोणी रेसिडेन्सी केली असेल तर सांगा : वेगवेगळ्या विभागांत खरंच काम देतात, की विविधता समितीच्या बैठका तेवढ्या गळ्यात मारतात? आणि मुदत संपल्यावर तिथेच कायम झालेलं कुणी माहितीत आहे का?