शर्यती आधी की कौशल्य आधी?

प्रश्न (ऑस्लोहून): माझी मुलगी १० वर्षांची असून तिला स्लॅलमची, म्हणजे उतारावर रोवलेल्या खांबांमधून वळणे घेत खाली येण्याच्या स्की शर्यतीची, फार आवड आहे. प्रशिक्षक मात्र आठवडेच्या आठवडे गेट (म्हणजे हे खांब) न लावता केवळ वळणांचा सराव करून घेतात, त्यामुळे ती मागे तर पडणार नाही ना, अशी काळजी वाटते.

प्रतिसाद १: अजिबात नाही. मूल ज्या वर्षी ११ वर्षांचे होते त्याआधी क्रमवारी लावण्यास नॉर्वेच्या क्रीडानियमांत मुभाच नाही. ताई, तुम्ही तिची वळणे पाहा: आतली स्की किंचित उचलूनही ती बाहेरच्या स्कीवर तोल सांभाळते का, आणि नडगी बुटाच्या जिभेला टेकलेली राहते का? हे अंगवळणी पडण्याआधीच गेट लावले, तर मूल कसेबसे खांब गाठायला शिकते आणि ती खोड पुढे मोडता मोडत नाही.

प्रतिसाद २: अमेरिकन स्कीपटू मिकेला शिफ्रिनने लहानपणी शर्यतींपेक्षा सरावावर भर दिला आणि २०१४ साली सोची येथील हिवाळी ऑलिंपिकमध्ये वयाच्या १८व्या वर्षी स्लॅलमचे सुवर्णपदक जिंकले. माझ्या मुलाला मात्र एका क्लबने आठव्या वर्षापासून सतत शर्यतींत उतरवले. बाराव्या वर्षी त्याने स्कीइंग सोडले, याची खंत मला आजही वाटते.

प्रश्नकर्ती: आज नीट पाहिले. डावीकडे वळताना तिची आतली स्की उचललीच जात नाही. उद्या प्रशिक्षकांना तेच विचारते.