शीत्झूच्या केसांतील गाठी पावसाळ्यात कशा टाळाव्यात?

प्रश्न:
नमस्कार. आम्ही रत्नागिरीला राहतो आणि आमची शीत्झू कुत्री दहा महिन्यांची आहे. पूर्वी तिचे केस सहज विंचरले जात, परंतु आता कानांमागे, काखेत आणि गळपट्ट्याखाली घट्ट गाठी होतात व आंघोळीनंतर त्या अधिकच आवळतात. खोबरेल तेल लावावे, की सगळे केस बारीक कापून घ्यावेत?

प्रतिसाद १:
या वयात पिल्लाचे मऊ केस जाऊन प्रौढ केस येऊ लागतात आणि गळलेला केस खाली न पडता नव्या केसांतच अडकतो, त्यामुळे सध्या रोज विंचरणे आवश्यक आहे. वरवर ब्रश फिरवल्यास केस मोकळे दिसतात, पण मुळाशी जाळे तसेच राहते. म्हणून एका हाताने केसांचा थर वर धरावा, त्याखालून थोडे थोडे केस सोडत, कातडी दिसेल असा भांग पाडून आधी स्लिकर ब्रश (बारीक वाकड्या तारांचा ब्रश) आणि मग धातूचा कंगवा फिरवावा. कंगवा मुळापासून टोकापर्यंत न अडखळता गेला तरच तो भाग झाला असे समजावे. गाठ सोडवताना ती मुळाशी चिमटीत धरून टोकाकडून सुरुवात केल्यास कुत्रीला फारशी कळ लागत नाही. हे सारे आंघोळीपूर्वीच व्हायला हवे, कारण भिजून वाळलेली गाठ घट्ट होते.

प्रतिसाद २:
ताई, खोबरेल तेल कृपया लावू नका. त्यावर धूळ बसते आणि कुत्री अंग चाटत राहते. आपला शाम्पूही नको. माणसाच्या त्वचेचा सामू (पीएच, म्हणजे आम्लता दाखवणारा आकडा) साधारण ५.५ असतो, तर कुत्र्याचा उदासीनच्या (७) जवळ जातो, म्हणून माणसांचा शाम्पू तिला योग्य नाही. कोकणातल्या दमट हवेत खरा प्रश्न वाळवण्याचा आहे. टॉवेलने घासण्याऐवजी पाणी दाबून टिपावे आणि ड्रायरच्या कोमट हवेने केस मुळापर्यंत कोरडे करावेत, अन्यथा त्वचेला बुरशीचा संसर्ग होऊ शकतो. घरात असताना गळपट्टा काढून ठेवावा, आणि विंचरताना गोचीड आहेत का हेही पाहावे.

प्रश्नकर्ती:
मनःपूर्वक आभार. काखेतली एक गाठ मात्र कातडीलाच चिकटली आहे. ती कात्रीने कापू का?

प्रतिसाद ३:
कात्री मुळीच नको. गाठीबरोबर कातडी वर ओढलेली असते आणि ती सहज कापली जाते. ग्रूमरकडून (कुत्र्यांचे केस कापणाऱ्या व्यावसायिकाकडून) केस कापायच्या यंत्राने तेवढा भाग काढून घ्या आणि खाली लाली किंवा ओल दिसल्यास पशुवैद्यांना दाखवा. शीत्झूचे केस सतत वाढणारे असल्याने पावसाळाभर ते आखूड ठेवायला हरकत नाही. पॉमेरेनियन किंवा गोल्डन रिट्रीव्हर यांसारख्या, वरच्या केसांखाली दाट लोकरीसारखा दुसरा थर असलेल्या कुत्र्यांना मात्र हा सल्ला लागू नाही, कारण त्यांचे केस भादरल्यावर पूर्वीसारखे येतीलच असे नसते.