कवटी दिसली म्हणजे एसएस नव्हे

दुसऱ्या महायुद्धातल्या एका जर्मन जवानाच्या छायाचित्रात कॉलरवर कवटीचे चिन्ह दिसते म्हणून तो एसएसचा (नाझी पक्षाच्या सशस्त्र संघटनेचा) असावा, हा निष्कर्ष मला पटत नाही, कारण काळा आखूड कोट आणि दोन्ही कॉलरपट्ट्यांवर कवटी हा जर्मन भूदलाच्या रणगाडा दलाचाही नेहमीचा गणवेश होता. त्यापेक्षा गणवेशावरचा गरुड (नाझी राजवटीचे चिन्ह) कुठे शिवला आहे ते पाहावे. भूदलात तो उजव्या छातीवर, तर वाफेन-एसएसमध्ये (एसएसच्या लढाऊ दलात) डाव्या दंडावर असे. अर्थात, आधी छायाचित्र आरशातल्यासारखे डावे-उजवे उलटे छापलेले नाही ना, याची खात्री करावी. माझ्याकडच्या एका पायदळ शिपायाच्या छायाचित्रात गरुड डाव्या छातीवर होता आणि मी दोन दिवस भलत्याच तुकड्या धुंडाळत बसलो. शेवटी त्याच्या कोटाची बटणे बायकांच्या कोटासारखी डावीकडे दिसली, तेव्हा उलगडा झाला.