गवी गंगाधरेश्वर (बेंगळुरू): संक्रांतीचा किरण कधी आणि कुठून बघावा?

वाटसरू_नागपूर
संक्रांतीला सत्तरीतल्या आई-बाबांना गविपुरमच्या गवी गंगाधरेश्वराला न्यायचं ठरतंय. मावळतीचा किरण नंदीच्या शिंगांमधून पिंडीवर पडतो तो नेमका किती वाजता? १४ जानेवारी हुकली तर दुसऱ्या दिवशी दिसतो का? आणि उत्तरायण त्या दिवशी सुरू होतं म्हणून देऊळ तसं बांधलंय, हे खरं का?

गुहालेणी
जानेवारीत साधारण १३ ते १६ तारखेदरम्यान ऊन आत येतं. वेळ संध्याकाळी पाच ते साडेपाचच्या मधली, आणि पिंडीवर ऊन टिकतं ते काही मिनिटंच. सव्वापाचला पोचून उपयोग नाही.

संक्रांतीच्या दिवशी गाभाऱ्यासमोर उभं राहायला मिळेल हे डोक्यातून काढून टाका. देऊळ म्हणजे अखंड खडकात कोरलेली गुहा, छत खाली आणि जागा चिंचोळी. त्या दिवशी प्रचंड रांग असते, त्यामुळे बाहेर पडद्यावर थेट दाखवतात. बहुतेक लोक तिथेच बघतात आणि ज्येष्ठांसाठी तेच बरं. गाभाऱ्याभोवतीची प्रदक्षिणा बोळातून आहे. तिथे वाकून चालावं लागतं, त्यामुळे गुडघे किंवा कंबर दुखत असेल तर ती सोडून द्या. आत फोटोची परवानगी धरून चालू नका.

अंगणातले दगडी खांब मात्र सकाळीच निवांत बघून घ्या. त्रिशूळ आणि डमरू आहेतच, पण खरी नजर ठरते ती सूर्यपान आणि चंद्रपान या दोन ग्रॅनाइटच्या चकत्यांवर. व्यास सुमारे २ मीटर, आणि त्या एकाच दगडातून घडवलेल्या आधारांवर उभ्या आहेत. आत अग्नीची मूर्ती आहे: दोन तोंडं, सात हात, तीन पाय. डोळ्यांच्या विकारांसाठी तिला नवस बोलतात. इतकी दुर्मीळ मूर्ती, पण किरणाच्या गडबडीत लोक तिच्याकडे बघतही नाहीत.

क्रांतिवृत्त
तिसऱ्या प्रश्नाचं उत्तर: नाही. सूर्य खऱ्या अर्थाने उत्तरेकडे वळतो तो २१-२२ डिसेंबरला. संक्रांत निरयन गणिताने, म्हणजे ताऱ्यांच्या संदर्भाने सूर्याची जागा मोजून, १४ किंवा १५ जानेवारीला येते आणि सुमारे ७० वर्षांनी एक दिवस पुढे सरकते. ऊन आत येतं ती खिडकी आणि नंदी जागचे हलत नाहीत, त्यांना पंचांग कळत नाही. त्यांना कळते फक्त सूर्याची क्रांती, म्हणजे विषुववृत्ताच्या दक्षिणेला तो किती अंश आहे ते. १४ जानेवारीला ती सुमारे साडेएकवीस अंश असते.

सूर्य दक्षिणेला जातानाही याच क्रांतीवरून जातो. म्हणून हाच देखावा २६ नोव्हेंबर ते २ डिसेंबरच्या दरम्यानही दिसतो. २१ डिसेंबरपासून मागे आणि पुढे साधारण सारखेच दिवस मोजून बघा. कोल्हापूरच्या अंबाबाईच्या किरणोत्सवाचंही हेच: ९ ते ११ नोव्हेंबर आणि ३१ जानेवारी ते २ फेब्रुवारी. फरक एवढाच की फेब्रुवारीच्या सुरुवातीला क्रांती रोज पाव अंशाहून जास्त बदलते, संक्रांतीच्या सुमारास जेमतेम अंशाचा सहावा भाग. त्यामुळे बेंगळुरूचं ऊन थोडं जास्त दिवस रेंगाळतं.

वाटसरू_नागपूर
म्हणजे नोव्हेंबरअखेर गेलो तरी चालेल? वेळ तीच ना?

क्रांतिवृत्त
वेळ तीच नाही. जानेवारीच्या मध्यावर सूर्य घड्याळाच्या ९ मिनिटं मागे असतो, २८ नोव्हेंबरच्या आसपास १२ मिनिटं पुढे. एकूण फरक जवळपास २० मिनिटांचा. जानेवारीत ५.२० ला जे दिसेल ते नोव्हेंबरात पाचच्या सुमारास दिसेल. जानेवारीची वेळ डोक्यात ठेवून गेलात तर ऊन सरकून गेलेलं असेल.

आधी अंदाज घ्यायचा तर मोबाइलच्या होकायंत्रात २४५ अंश धरा, म्हणजे पश्चिमेपासून २५ अंश दक्षिणेकडे, क्षितिजाच्या १०-११ अंश वर. १४ जानेवारीला ५.२० ला सूर्य तिथे असतो. त्या रेषेत नवी इमारत, मांडव किंवा फलक आला की खेळ संपला. कोल्हापुरातही महाद्वार रस्त्याच्या बाजूच्या अडथळ्यांवरून हीच ओरड असते. सूर्य खाली जातो तसा उजेडाचा पट्टा आत वर चढतो, हे लक्षात ठेवलं म्हणजे काय बघायचं ते कळेल.

जुनी_चित्रं
एक भर. देवळाचं श्रेय बेंगळुरू वसवणाऱ्या सोळाव्या शतकातल्या केंपेगौडांना देतात. थॉमस आणि विल्यम डॅनियल या इंग्रज चित्रकारांनी अठराव्या शतकाच्या अखेरीस काढलेल्या चित्रांत आजच्याइतकं बांधकाम दिसत नाही. बेंगळुरूच्या खगोल अभ्यासकांनी २००८ मध्ये ही चित्रं आणि आजची मापं ताडून बघितली. त्यांचा निष्कर्ष असा की पूर्वी ऊन अयनदिनांना (२१ जून आणि २१-२२ डिसेंबरच्या सुमारास) आत येत असावं, आणि नंतरच्या भिंतींमुळे आजच्या तारखा ठरल्या. तेव्हा "शिल्पकारांनी संक्रांत गणिताने साधली" असं ठोकून सांगण्यात अर्थ नाही.

गुहालेणी
नोव्हेंबरच निवडा, गर्दीचा प्रश्नच मिटतो. पण एकच संध्याकाळ राखू नका. मावळतीला पश्चिमेकडे ढग आले की काहीच दिसत नाही, २०२१ च्या संक्रांतीला तेच झालं. सलग दोन-तीन संध्याकाळी मोकळ्या ठेवा आणि साडेचारला आत पोचा. जवळचं मेट्रो स्टेशन हिरव्या मार्गिकेवरचं नॅशनल कॉलेज, तिथून पुढे रिक्षा करा.